नाळ, वार आणि टेलचं पाणी



मराठी कवितेत 'नाळ' या शब्दाचं भाग्य मोठं आहे. मातीशी नाळ, गावाशी नाळ, भाषेशी नाळ. कविसंमेलनाच्या एका बैठकीत ती दहा वेळा जुळते आणि वीस वेळा तुटते. मीही जुळवली आहे, तोडलीही आहे. पण नाळेच्या एका टोकाला मूल असतं तसं दुसऱ्या टोकालाही काहीतरी असतं, त्या वारेवर कुणी ओळ लिहिल्याचं मला आठवत नाही. ते टोक बाईच्या बाजूचं. ओलं, रक्ताळलेलं. आणि बाळ एकदा रडलं की सगळ्या घराचं लक्ष तिकडून उठलेलं असतं. आज मी त्या दुसऱ्या टोकाविषयी बोलणार आहे.

माणसाची ती वार आणि गाई-म्हशीचा, शेळीचा तो जार. आयुर्वेद तिला अपरा म्हणतो. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथं ती आंवल. माझ्या नानीचं गाव पूर्णेच्या काठी. तिथं बाळंतपण घरीच व्हायचं आणि आंवल मडक्यात घालून अंगणात पुरायचे. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड. शेजारच्या मराठ्यांच्या घरीही असंच व्हायचं. शब्द वेगळा, खड्डा तसाच. अरबीत गर्भाशयाला जो शब्द आहे त्याचा आणि 'रहम', म्हणजे दया, या शब्दाचा धातू एकच आहे. रहमान आणि रहीम ही नावंही त्याच धातूची. लहानपणापासून ही नावं तोंडात होती. त्यांच्या मुळाशी बाईचं गर्भाशय आहे हे फार उशिरा वाचनात आलं, आणि मग वारेविषयी मिळेल ते वाचत गेले. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, साधी बी.ए. आहे. त्यामुळे जे मला कळलं ते तुम्हालाही कळेल, याची खात्री बाळगा.

वार हा दोन शरीरांनी मिळून बांधलेला एक अवयव आहे. त्यातला मोठा भाग बाळाचा, थोडा आईचा. बाळाचं फुप्फुस, आतडं आणि मूत्रपिंड या तिघांचं काम ती एकटी करते, आणि काम संपलं की तासाभरात शरीरातून निवृत्त होते. आपण सहज म्हणतो, आईचं रक्त बाळाच्या अंगात वाहतं. खरं तर तसं नसतं. १७५४ साली लंडनमध्ये जॉन हंटर या शल्यवैद्यानं गरोदरपणात मरण पावलेल्या एका स्त्रीच्या रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून पाहिलं. आईकडचं मेण आईच्या बाजूला राहिलं, बाळाकडे उतरलं नाही. दोन्ही रक्तं एका पातळ भिंतीच्या दोन बाजूंनी वाहतात. प्राणवायू, साखर, क्षार भिंतीतून पलीकडे जातात, नको असलेलं परत येतं. म्हणजे बाळाला किती मिळणार हे दोन गोष्टींवर ठरतं. भिंतीला लागून रक्तवाहिन्या किती आहेत, आणि दोन्ही रक्तांमधलं अंतर किती आहे.

ही भिंत प्रत्येक जनावराची वेगळी. आपल्या लाल कंधारी गाईचा किंवा उस्मानाबादी शेळीचा जार पाहिला असेल तर त्यावर बटणासारख्या गाठी दिसतात. गर्भाशयाच्या आतही तशाच गाठी असतात आणि काजं-बटणं बसावीत तशा त्या एकमेकींत बसलेल्या असतात. गाईत अशा शंभराच्या आसपास जोड्या. व्याल्यावर ही बटणं एकेक करून सुटतात तेव्हा जार पडतो. सुटली नाहीत तर तो लोंबकळत राहतो, आणि मग आपल्याकडे त्याला दगड बांधतात, जुनी चप्पल बांधतात, कुणी हातानं ओढतो. बटण न काढता सदरा ओढला तर सदरा फाटतो. इथं आतल्या गाठी सोलवटतात, रक्त जातं, जंतू शिरतात, आणि ती गाय पुढं गाभण राहायला त्रास देते. बारा तासांत जार पडला नाही तर पशुवैद्यकाला बोलवावं. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथली मंडळी हेच वर्षानुवर्षं सांगत आली आहेत.

गाईच्या भिंतीची आणखी एक गोष्ट आहे. ती इतकी थरांची असते की आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं तिच्यातून वासराकडे जातच नाहीत. बाईच्या वारेतून ती जातात. वासरू मात्र त्या बाबतीत रिकाम्या हातानं जन्मतं आणि त्याची सगळी भिस्त पहिल्या चिकावर असते, तोही पहिल्या तासा-दोन तासांत मिळालेल्या. आपल्याकडे मात्र जार पडेपर्यंत वासराला पाजत नाहीत. हा उलटा न्याय आहे. वासरू लुचलं की गाईच्या शरीरात जे संप्रेरक सुटतं त्यानंच गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदत होते. खरवसाच्या वड्या वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाच्या करा.

आता ज्या प्राण्यानं शास्त्रज्ञांना वारेतल्या रक्तवाहिन्यांविषयी पुष्कळ काही शिकवलं, त्याच्याकडे येते. तो प्राणी डुक्कर. आमच्या घरांत त्याचं नाव घेणंही टाळतात. मी हे भाषण लिहीत होते तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणालंच, दुसरं जनावर मिळालं नाही का? खायचं नाही हे ठरलेलं आहे, पण जाणायचं नाही असं मला कुणी शिकवलेलं नाही. आणि इथं दुसरं जनावर खरंच चालत नाही. डुकरीण ११४ दिवसांत विते, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. एका वेळी आठ, दहा, बारा पिलं. गर्भाशयाच्या दोन लांब शिंगांत ती ओळीनं असतात आणि प्रत्येकाची वार स्वतंत्र असते. आई एक, खाणं एक, दिवस तेवढेच, तरी एक पिलू गुबगुबीत आणि त्याच्या शेजारचं मरतुकडं निघतं. का? हा प्रश्न विचारायला याहून चांगली जागा कुठली?

या पिलाची सुरुवातही पाहण्यासारखी आहे. दहा-अकरा दिवसांचा गर्भ एखाद्या मण्याएवढा गोल असतो. पुढच्या काही दिवसांत तो लांबत जातो आणि जवळजवळ मीटरभर लांबीचा धागा होतो. जिवंत व्हायच्या आधी प्रत्येक जण आपापली जागा आखून घेतो. पुढं त्याची वार गर्भाशयाच्या भिंतीवर अंथरली जाते. गाईसारखी बटणं नाहीत, बाईसारखी मुळंही नाहीत. चुण्या पडलेली दोन कापडं एकमेकांवर ठेवावीत तशी ती नुसती टेकलेली असते. आईकडचे सगळे थर शाबूत. मग बारा पिलांना पुरेल एवढी देवाणघेवाण होते कशी? चुण्या वाढतात, त्यामुळे जागा वाढते. आणि दोन्ही बाजूंच्या केशवाहिन्या त्वचेला आतून रेटत इतक्या जवळ येतात की शेवटी दोन रक्तांमध्ये मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकंच अंतर उरतं.

या केशवाहिन्यांना कुठं जायचं हे सांगतं कोण? आपल्या जिल्ह्याला जायकवाडीचा डावा कालवा ठाऊक आहे. कालव्यातून चारी निघते, चारीतून पोटचारी, पोटचारीतून शेतात पाणी. कागदावर सगळ्यांचा हक्क सारखा, पण टेलच्या शेतकऱ्याला विचारा. आवर्तन सुटलं तरी पाणी त्याच्या बांधापर्यंत येत नाही, आणि मग तो अर्ज करतो, उपोषणाला बसतो. शरीरातही टेलची पेशी असते. फरक एवढाच, की तिचा अर्ज मंजूर होतो. प्राणवायू कमी पडला की ती पेशी एक प्रथिन बाहेर सोडते. जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला त्याची चाहूल लागते, तिथून एक कोंब फुटतो आणि जिकडून हाक येते तिकडे वाढत जातो. थोड्या दिवसांत तिथं नवी पोटचारी तयार. मग दुसरी काही प्रथिनं येऊन तिचे काठ पक्के करतात.

अशा प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. रिटा लेव्ही-माँताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना पहिल्या वृद्धिघटकांच्या शोधासाठी १९८६चं नोबेल मिळालं. रक्तवाहिन्यांना बोलावणारा जो मुख्य घटक, त्याचं नाव व्हीईजीएफ. १९८३ साली हॅरॉल्ड ड्वोरॅक यांना तो एका गाठीच्या अभ्यासात वेगळ्या नावानं सापडला होता, १९८९ मध्ये नेपोलिऑन फेरारा यांनी त्याला हे नाव दिलं. १९९१ मध्ये इटलीतल्या नेपल्सला मारिया ग्राझिएला पर्सिको यांच्या गटाला मानवी वारेतच त्याचा सख्खा भाऊ सापडला, त्याला पीएलजीएफ म्हणतात, म्हणजे वारेचा वृद्धिघटक. पेशीला प्राणवायूची टंचाई कळते कशी, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९चं नोबेल मिळालं. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. टेलची पेशी हाक मारते आणि हाक ऐकून वाहिनी येते, एवढं धरून ठेवा.

डुकराकडे पुन्हा वळते. चीनमध्ये शांघायजवळच्या ताइहू तलावाच्या परिसरात मेशान नावाची डुकरांची जात आहे. सुरकुतलेलं तोंड, लोंबते कान, आणि एका वेताला चौदा-पंधरा पिलं. पाश्चात्त्य यॉर्कशायर जातीपेक्षा तिचं गर्भाशय काही मोठं नसतं. मग एवढी पिलं मावतात कशी? अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात स्टीफन फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दोन्ही जातींच्या वारा तपासल्या. दिवस भरत येतात तसं पिलाला जास्त लागतं. यॉर्कशायरचं पिलू तेव्हा आपली वार पसरवतं. ज्याची पसरत नाही ते मागं पडतं. मेशानचं पिलू वार पसरवत नाही. तेवढ्याच जागेत रक्तवाहिन्यांची दाटी वाढवतं. पुढं याच गटानं दाखवलं की जिथं व्हीईजीएफ जास्त तिथं वाहिन्या दाट. शेजाऱ्याचा बांध न कोरता आपल्याच दोन एकरांत पोटचाऱ्या वाढवणारा शेतकरी म्हणा. आमच्या भागातल्या भाऊबंदकीच्या दाव्यांची संख्या पाहता हे जनावर बरंच सुसंस्कृत आहे, असं माझं मत झालं.

बाईच्या वारेत हेच वेगळ्या पद्धतीनं चालतं. दिवस भरतात तेव्हा ती अर्ध्या किलोच्या आसपास असते. तिच्या झाडासारख्या फांद्या आईच्या रक्तात बुडलेल्या असतात आणि त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर दहा-बारा चौरस मीटर, म्हणजे एका लहानशा खोलीएवढी जागा भरेल. आईचं रक्त पांढरं पडलेलं असेल, म्हणजे ती ॲनिमिक असेल, तर वार हातपाय मारते. १९९१ साली इंग्लंडमध्ये हजारो बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या, त्यात ज्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी त्यांच्या वारा बाळाच्या मानानं मोठ्या निघाल्या. म्हणजे वारही यॉर्कशायरसारखी जागा वाढवते. पण याची किंमत असते. डेव्हिड बार्कर या इंग्लिश डॉक्टरांनी १९९० साली दाखवलं की बाळ लहान आणि वार मोठी, अशा जन्मांतून आलेल्या माणसांना पुढं रक्तदाबाचा त्रास जास्त होतो. आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. बरंचसं लिहून झाल्यावर ती येते, असं दिसतं.

आता मुख्य गोष्ट. माझी एक खाला होती. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिच्या हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, तोंडावर सूज आली. बायका म्हणाल्या, अंग भरलं, छान दिसतेस. मग डोकं दुखायला लागलं. डोळ्यांपुढं काजवे चमकतात, म्हणायची. एका रात्री तिला झटके आले. दात बसले, डोळे फिरले. 'साया हुआ' म्हणून पाणी फुंकून आणलं, ताईत बांधला, आणि बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्याकडे साया म्हणतात, शेजारी बाहेरचं म्हणतात. नाव वेगळं, खड्डा तसाच, असं मी मघाशी हसत म्हणाले होते. इथं हसता येत नाही.

खालाला जे झालं त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात आणि त्याच्या आधीच्या अवस्थेला प्री-एक्लॅम्प्सिया. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर, लघवीतून प्रथिनं जाणं, सूज, डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणं. याची सुरुवात वारेत होते. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयातल्या अरुंद, नागमोडी धमन्यांत शिरून त्यांची तोंडं रुंद करतात. कालव्याचं दार उघडावं तसं. हे काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं. पण गर्भाशयातल्या अडचणीमुळे आईच्या डोक्यात झटके कसे येतात, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं.

२००३ मध्ये बोस्टनमध्ये काम करणारे, भारतात जन्मलेले डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा मोठा भाग सोडवला. अशा बायकांची वार एक प्रथिन फार प्रमाणात आईच्या रक्तात सोडते. ते प्रथिन व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ या दोघांना रस्त्यातच पकडून ठेवतं. हाक मारली जाते, पण पोहोचत नाही. आणि हे वृद्धिघटक फक्त नव्या वाहिन्या बोलावत नाहीत, आईच्या मूत्रपिंडातल्या, मेंदूतल्या जुन्या वाहिन्यांचं अस्तरही तेच धडधाकट ठेवतात. ते गेले की अस्तर झिरपायला लागतं, वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. हे प्रथिन गाभण उंदरिणींना टोचलं तेव्हा त्यांचाही रक्तदाब चढला आणि लघवीत प्रथिनं आली. दुसरा पुरावा कर्करोगाकडून मिळाला. गाठीचं रक्त तोडण्यासाठी व्हीईजीएफ अडवणारं औषध २००४ पासून वापरात आलं, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांनाही, गरोदरपणाचा संबंध नसताना, रक्तदाब आणि लघवीत प्रथिनं हाच त्रास झाला.

आता या दोन प्रथिनांचं प्रमाण रक्तात मोजून धोका आधी ओळखता येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा चाचणीला २०२३ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे पुण्यात भारती विद्यापीठातल्या डॉ. साधना जोशी आणि त्यांचे सहकारी याच वृद्धिघटकांचा आणि आईच्या आहारातल्या स्निग्धाम्लांचा संबंध अनेक वर्षं अभ्यासत आले आहेत. ही चाचणी जिंतूरच्या किंवा पालमच्या उपकेंद्रात उद्या येणार नाही. पण रक्तदाब मोजायचा पट्टा तिथं आहे, आणि लघवी तपासायची पट्टी काही मिनिटांत उत्तर देते. खालाच्या वेळी एवढं जरी कुणी केलं असतं तरी पुरलं असतं.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोही भरलं नाही. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. शेतातलं काम, पाणी वाहणं जितकं जास्त तितकं बाळ लहान. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्या. सहाव्या-सातव्या महिन्याची बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या वारेतली पोटचारी कितीही हाका मारो, धरणातलं पाणी दुसरीकडेच वळवलेलं असतं. तिला पालेभाजी खा म्हणून सांगणं सोपं आहे. उचल घेतलेल्या कोयत्याला सुट्टी कोण देणार, हे विचारणं अवघड.

म्हणून सुनेकडे, मुलीकडे, शेजारणीकडे लक्ष ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. त्या दिवशी शेतात खाडा झाला तरी चालेल. रक्तदाब मोजला का, लघवी तपासली का, हे घरी आल्यावर विचारा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उतरंडीत ठेवण्यासाठी नसतात. ज्यांना धोका आहे अशा काही जणींना डॉक्टर सुरुवातीच्या महिन्यांत ॲस्पिरिनची छोटी मात्रा देतात, ती त्यांनीच द्यावी, आपण मेडिकलवरून आणू नये. बांगड्या रुतायला लागल्या, डोकं दुखलं, काजवे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. ताईत बांधायचा तर बांधा, पण गाडीत बसल्यावर.

आता बाळंतपणं बहुतेक दवाखान्यात होतात. अंगणातलं मडकं गेलं. वार पडली की नर्सबाई ती तबकात पसरून पाहतात, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, कारण राहिला तर आईचं रक्त थांबत नाही. मग ती पिवळ्या पिशवीत जाते. माझ्या नातवाच्या वेळी मी ती पाहायला मागितली. नर्सबाईंना नवल वाटलं, पण त्यांनी तबक पुढं केलं. आईकडची बाजू काळसर लाल, भेगाळलेली, आपल्या उन्हाळ्यातल्या रानासारखी. बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर, आणि नाळेच्या बुडापासून चहूकडे निघालेल्या रक्तवाहिन्या, जाड, मग बारीक, मग आणखी बारीक, थेट कडेपर्यंत गेलेल्या. बाळाचं वजन तीन किलो शंभर ग्रॅम भरलं होतं.